गिओनच्या बोळातली पाटी

क्योटोच्या गिओन भागात 2024 सालापासून काही अरुंद बोळांच्या तोंडाशी पाट्या लागल्या आहेत. पुढे खासगी रस्ता आहे, आत जाऊ नये, गेल्यास 10 हजार येन दंड. आपल्या हिशेबात साधारण साडेपाच-सहा हजार रुपये. पाटी लावली ती गिओनमाचीच्या दक्षिण भागातल्या रहिवासी आणि दुकानदारांच्या परिषदेने. जगभर मात्र बातमी अशी गेली की गिओन पर्यटकांना बंद झालं. तसं काही झालेलं नव्हतं. शिजो रस्त्यापासून केन्निन्जी या जुन्या झेन मंदिराकडे जाणारा हानामिकोजी हा मुख्य रस्ता तेव्हाही खुला होता, आजही आहे. बंद झाले ते त्याला फुटणारे बोळ, जिथे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावं लागतं.

या पाटीवर टीका झाली ती दोन प्रकारची. पर्यटकांच्या पैशावर जगायचं आणि पर्यटकांनाच हाकलायचं, हा दुटप्पीपणा आहे, असं काहींचं म्हणणं. ऐतिहासिक वारसा सगळ्या जगाचा असतो, तो पाहण्यापासून कुणाला अडवता येत नाही, असं इतरांचं. मला दोन्ही पटत नाही. वस्तीला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे आणि गिओनने तो वापरला हे योग्यच झालं. माझी तक्रार उलट बाजूची आहे. हा अधिकार गिओनला कॅमेरा घेऊन आलेल्या माणसापुरताच मिळालाय. पैशाची थैली घेऊन येणाऱ्यासमोर तो चालत नाही, आणि वस्तीचं खरं नुकसान तो दुसरा माणूस करतो.

आधी दुटप्पीपणाच्या आरोपाकडे बघू, कारण तो वरवर बिनतोड वाटतो. गिओन जन्मालाच आलं ते पाहुण्यांसाठी. कामो नदीच्या पूर्वेला यासाका देवस्थान आहे. तिथे येणाऱ्या यात्रेकरूंना चहा पाजणारी दुकानं रस्त्याकडेला उभी राहिली, त्यातून पुढे ओचाया म्हणजे चहागृहं झाली, संगीत-नृत्य आलं, गेइको आल्या. (गेशा हा शब्द आपल्याला परिचित आहे; क्योटोत गेइको म्हणतात आणि शिकाऊ मुलीला माइको.) 1869 च्या सुमारास सम्राट आणि दरबार तोक्योला गेले आणि हजार वर्षांची राजधानी एकदम पोरकी झाली. शहर सावरण्यासाठी तिथल्या लोकांनी जे उद्योग केले, त्यात एक होतं औद्योगिक प्रदर्शन. त्या प्रदर्शनाला येणाऱ्यांसाठी 1872 मध्ये गिओनच्या गेइकोंनी ‘मियाको ओदोरी’ हा नृत्याचा जाहीर कार्यक्रम सुरू केला. तिकीट काढून कुणीही बघावा असा. तो आजही दर एप्रिलमध्ये होतो. दीडशे वर्षं जी वस्ती बाहेरच्यांसाठी रंगमंच मांडते आहे, तिला पाहुण्यांचा तिटकारा आहे असं म्हणणं धाडसाचंच आहे.

पण याच वस्तीत पाहुण्याला दारातून परत पाठवण्याची रीतही तितकीच जुनी आहे. ओचायात अनोळखी माणसाला प्रवेश नसतो. जुन्या गिऱ्हाइकाने ओळख करून दिली तरच. बाहेरच्याला यात नुसता तोरा दिसतो. आत व्यवहार आहे. पाहुणा त्या संध्याकाळी खिशातून काही काढत नाही. जेवण बाहेरच्या केटररकडून येतं, गेइकोची बिदागी, फुलं, परतीची टॅक्सी, सगळं ओचायाची मालकीण आधी भरते आणि बिल नंतर घरी जातं. ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही, त्याला उधारीवर कोण बसवेल? ज्याने ओळख करून दिली त्याची पत इथे तारण असते. पाहुणा गैर वागला तर त्याला आणणाऱ्यालाही मान खाली घालावी लागते.

म्हणजे गिओनचा सगळा धंदा दाराच्या आत चालतो आणि दार उघडायचं की नाही हे आतला माणूस ठरवतो. आजच्या पर्यटनाने हे उलटं केलं. आता बघण्याची वस्तू झाला तो दाराबाहेरचा रस्ता, आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला कामावर निघालेली मुलगी. तिच्या दिशेने पन्नास फोन वर होतात. वाट अडवणं, बाही ओढणं, किमोनो फाटणं अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या. 2019 मध्ये परिषदेने खासगी बोळांत फोटो काढायला बंदी केली, दंडाची रक्कम तेव्हाही तीच 10 हजार. उपयोग बेताचाच झाला, म्हणून पाच वर्षांनी थेट प्रवेशबंदीची पाटी आली. हा दंड शहराच्या कुठल्या नियमातून आलेला नाही. जागेशी संबंधित लोकांनी घातलेली ती अट आहे, आणि परदेशी माणसाकडून तो वसूल कोण आणि कसा करणार हा प्रश्नच आहे. पाटीचं बळ दंडापेक्षा तिथे शब्दांत लिहिलेल्या नकारात आहे.

आणि या बघण्यातून मिळतं कुणाला? विमान कंपन्यांना, हॉटेलांना, दिवसाच्या भाड्याने किमोनो देणाऱ्या दुकानांना. हानामिकोजीवरच्या काही खाणावळींनाही मिळतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बोळाच्या आत राहणाऱ्या म्हातारीला मिळतो तो फक्त दाराशी टाकलेला रिकामा कप. (भाड्याचा किमोनो नेसून आलेले पर्यटक एकमेकांनाच माइको समजून फोटो काढतात, हा त्यातला विनोदी भाग.)

आता ‘रस्ता सगळ्यांचा’ या मुद्द्याकडे. हा मुद्दा मला जवळचा आहे. ज्या देशात निम्मं आयुष्य रस्त्यावर घडतं तिथून आलेल्याला रस्ता अडवणं म्हणजे मुजोरीच वाटते. पण क्योटोचे बोळ समजून घ्यायला हवेत. रस्त्याकडची घरं अरुंद आणि खोल, माचिया म्हणतात त्यांना. पुढे दुकान, मागे राहणं, मध्ये इवलासा चौक. या घरांच्या मधून आतल्या बाजूला जाणारा बोळ म्हणजे पाठीमागच्या चार-सहा घरांचं सामाईक अंगण. तिथे कुंड्या असतात, आग लागली तर लागणारी पाण्याची लाल बादली असते, सायकली असतात. झाडलोट कुणी कुठपर्यंत करायची याचे अलिखित नियम असतात. नकाशावर ती रेघ रस्त्यासारखी दिसते, राहणाऱ्यांच्या लेखी ती ओसरी आहे.

शिवाय हा बोळ आजवर टिकला कसा, हे पर्यटकाला दिसत नाही. जपानच्या 1950 च्या इमारत कायद्यानुसार नवं घर बांधायचं तर जागेला साधारण 4 मीटर रुंदीच्या रस्त्याचा आधार लागतो. बोळाला तेवढी रुंदी कुठून येणार? त्यामुळे आतलं घर पाडलं तर सहसा पुन्हा बांधता येत नाही. जुनं लाकडी घर कायद्याच्या आधीचं म्हणून चालवून घेतात. मोठी दुरुस्ती काढली की नवे निकष आडवे येतात. बँक कर्ज द्यायला कचरते. रुग्णवाहिका आत येत नाही. ज्या वाकड्या, दिव्यांच्या, लाकडी जाळ्यांच्या बोळाला आपण ‘काळ थांबलाय’ म्हणून वाखाणतो, तो राहणाऱ्याच्या गैरसोयीवर उभा आहे. ती गैरसोय सोसणाऱ्याने निदान संध्याकाळी दार लोटून घेतलं तर आपण वारशाच्या नावाने ओरडायचं, हे मला नैतिकदृष्ट्या पटत नाही.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. बंद दाराआड काय चालतं? 2022 मध्ये क्योटोत माइको म्हणून राहिलेल्या एका तरुणीने जाहीरपणे लिहिलं की सोळाव्या वर्षी तिला भरपूर दारू प्यायला लावली गेली, गिऱ्हाइकांसोबत स्नानाला बसायचा आग्रह झाला. हे आरोप आहेत. पण नववी संपवून या जगात येणाऱ्या मुली, शिक्षणाची वर्षं ओकिया म्हणजे त्यांच्या निवासगृहात घालवणाऱ्या, पगाराऐवजी हातखर्च घेणाऱ्या, यांच्या हक्कांचा प्रश्न खोटा नाही. ओळखीशिवाय प्रवेश नाही, आतलं बाहेर बोलायचं नाही, ही रीत पाहुण्याची अब्रू राखते तशी पाहुण्याचा गुन्हाही झाकू शकते. तेव्हा वस्तीच्या नकाराला मी पाठिंबा देते तो रस्त्यावरच्या फोटोवाल्यासमोर आणि बिल्डरसमोर. मजूर निरीक्षकासमोर आणि पोलिसासमोर नाही. गंमत अशी की फोटोवाल्यांच्या गर्दीने त्या मुलीचं एका पैचंही रक्षण होत नाही. ती गर्दी तिचा चेहरा पाहते आणि पुढे जाते.

आता त्या दुसऱ्या माणसाकडे येऊ.

दुसऱ्या महायुद्धात क्योटो मोठ्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही युद्धाची खूण गिओनमध्ये आहे आणि ती आज फोटोंत सर्वात जास्त दिसते. शिराकावा ओढ्याच्या काठची ती मोकळी जागा, चेरीची झाडं, पाण्यापलीकडची चहागृहं. पूर्वी दोन्ही काठांना घरं खेटून होती. 1945 मध्ये आग पसरू नये म्हणून उत्तरेकडची ओळ सरकारी हुकमाने पाडली गेली. रहिवाशांना काही दिवसांत घरं सोडावी लागली. आपण ज्याला जपलेलं सौंदर्य म्हणतो तो घर गमावलेल्यांचा रिकामा भूखंड आहे.

युद्धानंतर मात्र पाडापाडीला हुकूम लागला नाही. वारसाहक्काचा कर भरायला मुलांनी घर विकलं, त्या जागी दगडी तोंडाची इमारत किंवा गाड्यांचा तळ आला. गिओनच्या शिनबाशी भागातल्या लोकांनी सत्तरीच्या दशकात याला विरोध केला आणि शहराने 1972 मध्ये दृश्यरक्षणाचा, म्हणजे वस्तीचं बाहेरचं रूप राखण्याचा नियम केला. 1975 मध्ये राष्ट्रीय कायद्यात बदल होऊन जुन्या इमारतींच्या समूहालाच संरक्षण मिळू लागलं आणि 1976 मध्ये गिओन शिनबाशी त्या यादीत गेलं. पुढे 2007 मध्ये क्योटोने आणखी धाडस केलं. मध्यवस्तीत इमारतींची कमाल उंची 45 मीटरवरून 31 वर आणली, आतल्या गल्ल्यांत 31 वरून 15 वर, छतावरच्या जाहिराती आणि लुकलुकत्या पाट्या काढायला लावल्या. जमीनमालकांच्या हक्काला एवढी कात्री लावणारी शहरं जगात फार नसतील. मला क्योटोचं कौतुक आहे ते या निर्णयासाठी.

पण हे सगळे नियम दर्शनी बाजूचे. छपराचा उतार, जाळीचा रंग, इमारतीची उंची. आत कोण राहतं, राहतं की नाही, याबद्दल ते मुके आहेत. 2016 मध्ये शहराने केलेल्या पाहणीत माचिया उरली होती साधारण 40 हजार. आधीच्या सात वर्षांत साडेपाच हजारांवर गेली होती, म्हणजे रोज सरासरी दोन. हे धसकून 2017 मध्ये नियम झाला. संरक्षित ठरवलेलं माचिया पाडायचं असेल तर मालकाने एक वर्ष आधी शहराला कळवावं, म्हणजे दुसरं गिऱ्हाईक किंवा दुसरा उपयोग शोधता येईल. कळवलं नाही तर दंड जास्तीत जास्त 50 हजार येन. वाचणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. चुकून बोळात शिरलेल्या पर्यटकाला 10 हजार. शंभर वर्षांचं घर न सांगता जमीनदोस्त करणाऱ्याला 50 हजार. दुसऱ्याला त्या जागेवर हॉटेल बांधून किती मिळणार आहे, ते वेगळं.

घरं गेली तशा शाळाही गेल्या, आणि ही गोष्ट मला घरांपेक्षा जास्त लागते. राजधानी गेल्यावर 1869 मध्ये, देशात शिक्षणाचा कायदा व्हायच्या तीन वर्षं आधी, क्योटोच्या मोहल्ल्यांनी स्वतःच्या 64 प्राथमिक शाळा उभ्या केल्या. पैसा चुलीमागे वर्गणी काढून गोळा केला. घरात मूल असो नसो, चूल असेल तर वर्गणी द्यायची. शाळेच्याच आवारात मोहल्ल्याची सभा भरे, आगीचा टेहळणी मनोराही तिथेच. शहराच्या मधल्या भागात मुलं उरली नाहीत तशा या शाळा एकेक बंद होत गेल्या. किओमिझू मंदिराच्या वाटेवरची शाळा 2011 मध्ये बंद झाली, 2020 मध्ये तिथे आलिशान हॉटेल उघडलं. कामो नदीच्या पश्चिमेची रिस्सेई शाळा 1993 मध्ये बंद पडली होती, तिथेही 2020 मध्ये हॉटेल. गिओनमधल्या यासाका माध्यमिक शाळेच्या जागेवर आता कांजी लिपीचं संग्रहालय आहे. इमारती वाचल्या हे खरं. शहराने त्या भाड्याने दिल्या नसत्या तर कदाचित पडल्याही असत्या. पण वर्गणी काढून जे बांधलं, त्याचा एका रात्रीचा दर वर्गणी देणाऱ्यांच्या नातवंडांना परवडत नाही.

गिओनही यातून सुटलेलं नाही, आणि इथे माझ्या बाजूचीही पंचाईत होते. हानामिकोजीच्या दक्षिण भागातली बरीचशी जमीन एकाच संस्थेची आहे. मुळात केन्निन्जी मंदिराची असलेली ती जागा मेइजी काळात (1868 ते 1912) मंदिराकडून गेली आणि पुढे गेइको-माइकोंना शिक्षण देणाऱ्या यासाका न्योकोबा या संस्थेकडे आली. गिओनचा हा तुकडा शाबूत राहिला त्याचं मोठं कारण हे. जमीन सुट्टी सुट्टी विकायला निघालीच नाही. त्याच संस्थेच्या आवारात 1936 मध्ये बांधलेली यासाका काइकान ही नाट्यगृहाची देखणी इमारत होती. भूकंपाचे निकष ती पुरे करत नव्हती, दुरुस्तीचा खर्च झेपणारा नव्हता. आता तिचं रूप राखून तिथे इम्पीरियल हॉटेल आलं आहे, 55 खोल्यांचं. म्हणजे बोळाच्या तोंडाशी पर्यटकाला ‘नको’ म्हणणारी वस्ती शंभर पावलांवर श्रीमंत पर्यटकाला ‘या’ म्हणते. टीकाकारांनी खरं तर इथे बोट ठेवायला हवं होतं.

तरी मी संस्थेला दोष देणार नाही. निदान तिथे निर्णय गिओनच्या माणसांनी घेतला, इमारत वाचवण्यासाठी घेतला, जमीन विकली नाही. बाकी ठिकाणी हेही नसतं. घर विकणारा एकटा असतो, घेणारी कंपनी कुठल्या तरी दुसऱ्या शहरातली असते, आणि शेजाऱ्याला कळतं तेव्हा बांधकामाचे पडदे लागलेले असतात.

शहराचं उत्तर काय? कर. ऑक्टोबर 2018 पासून क्योटोत मुक्कामावर कर आहे, माणशी रात्रीला 200 ते 1,000 येन. मार्च 2026 पासून तो वाढवून सर्वात महागड्या खोल्यांसाठी 10 हजार येनपर्यंत नेला. बसमध्ये रहिवाशांना चढायला जागा मिळेना म्हणून दिवसाचा स्वस्त पास बंद केला, 2024 मध्ये पर्यटकांसाठी जास्त भाड्याच्या वेगळ्या बस सोडल्या. बसचा उपाय चांगला आहे. कराबद्दल मी साशंक आहे. शहराला पैसा हवा आहे हे समजतं. देवळं करमुक्त, विद्यार्थी भरपूर, इमारती बुटक्या, तिजोरीत खडखडाट. पण पैसे घेतले की देणाऱ्याच्या मनात हक्क तयार होतो. रात्रीचे 10 हजार येन कर भरलेल्या माणसाला बोळाची पाटी दाखवा, तो पावती दाखवेल. गिओन मात्सुरी या यासाका देवस्थानच्या उत्सवाच्या बाबतीत हे झालंच. 2023 मध्ये पर्यटन संघटनेने रथांची मिरवणूक बघायला 4 लाख येनपर्यंतच्या खास खुर्च्या विकल्या, खाण्यापिण्यासकट. नवव्या शतकात साथीच्या रोगावर उतारा म्हणून सुरू झालेल्या या उत्सवाचा तमाशा होतो आहे, असं म्हणत पुढच्या वर्षी यासाका देवस्थानच्या प्रमुख पुजाऱ्यांनी उघड नाराजी व्यक्त केली आणि संघटनेच्या संचालकपदावरून ते दूर झाले.

क्योटोने नकार दिला की जग बुडतं असं मानणाऱ्यांनी या शहराचा इतिहास बघावा. 1977 मध्ये साइहोजी, शेवाळाच्या बागेचं प्रसिद्ध मंदिर, सर्वसाधारण पर्यटकांना बंद झालं. गाड्यांनी शेजारी त्रासले होते, पायांखाली शेवाळ मरत होतं. तेव्हापासून आधी पत्र पाठवून परवानगी घ्यायची, आणि बागेत जाण्यापूर्वी बसून सूत्र लिहून काढायचं किंवा म्हणायचं, असा नियम झाला. जाणारे आजही जातात. 1985 मध्ये शहराने मंदिरदर्शनावर 50 येन कर बसवला तेव्हा दर्शन हे पर्यटन नव्हे, असं म्हणत किन्काकुजी, किओमिझूसारख्या बड्या मंदिरांनी दारंच लावून घेतली. पर्यटक हिरमुसले, दुकानदार ओरडले, आणि 1988 मध्ये शहराला कर मागे घ्यावा लागला. त्यात देवळांचा स्वार्थही होता, संतपणाचा आव आणायची गरज नाही. नव्वदीच्या सुरुवातीला 60 मीटर उंचीच्या क्योटो हॉटेलला विरोध म्हणून काही मंदिरांनी त्या हॉटेलात उतरलेल्यांना प्रवेश नाही अशा पाट्याच लावल्या होत्या. हॉटेल झालंच. पण 2007 च्या उंचीच्या नियमामागे त्या भांडणाची आठवण होती.

आपल्याकडून आता मार्च-एप्रिलमध्ये चेरीच्या बहराच्या सहली मराठी माणसांनी भरून जातात. चांगली गोष्ट आहे; दोन पिढ्यांपूर्वी काशीयात्रा हीच आयुष्यभराची मजल होती. पण या सहलींच्या कार्यक्रमात गिओन येतं ते संध्याकाळच्या पाऊण तासापुरतं, ‘गेशा दिसण्याची शक्यता’ या आमिषासकट. माणसाला असं आमिष म्हणून छापणं मला लाजिरवाणं वाटतं. माइको बघायची आहे ना, मग एप्रिलमध्ये मियाको ओदोरीचं तिकीट काढावं. तिथे ती कला दाखवायलाच उभी असते, प्रकाशात, तयारीनिशी, तुमच्याकडे तोंड करून. रस्त्यावर ती कामावर चाललेली असते. आपल्या घरातली मुलगी स्टेशनवरून घरी येताना वीस अनोळखी माणसांनी मोबाइल रोखले तर आपण सहलीच्या आयोजकाला काय बोललो असतो, त्याचा अंदाज प्रत्येकाला आहे. बाकी गिओनचा रस्ता सकाळी आठला बघावा. दूधवाला, झाडणारे, शाळेचं एखादं पोर, आणि उघडलेलं एखादं दार. तेव्हा तिथे फारसं कुणी नसतं, कारण सहलीचा नाश्ता सुरू असतो.

तरी पर्यटकाच्या शिष्टाचारावर सगळा भार टाकणं ही पळवाट आहे. 2024 मध्ये जपानला पावणेचार कोटींच्या आसपास परदेशी माणसं गेली. एवढ्यांना कोण शिकवणार? त्यापेक्षा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार योग्य हाती देणं सोपं आहे, आणि क्योटोकडे त्याची अर्धी यंत्रणा तयार आहे. 2011 पासून तिथे मोहल्ल्यांच्या दृश्यरक्षण परिषदांना शहर मान्यता देतं. मान्यता असलेल्या भागात कुणाला बांधकाम करायचं असेल तर आधी परिषदेशी बोलावं लागतं. नदीपलीकडच्या पोन्तोचो या अरुंद गल्लीच्या परिषदेने हा मार्ग धरला. पण बोलणं सक्तीचं आहे, ऐकणं नाही. आणि विषय पुन्हा दर्शनी भागाचाच. आतलं घर पर्यटकांच्या मुक्कामाचं होणार का, हे परिषदेच्या हातात नाही. खासगी घरं पाहुण्यांना देण्यावर क्योटोने 2018 मध्ये कडक मर्यादा घातली, फक्त जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. तीही निव्वळ निवासी क्षेत्रापुरती. गिओनसारखा व्यापारी क्षेत्रात मोडणारा भाग त्यात येत नाही.

मला हवं ते एवढंच. मुक्कामाच्या परवान्याला बोळाच्या परिषदेची संमती लागावी. माचिया पाडण्याची एक वर्षाची मुदत नुसती कळवण्याची न राहता, त्या मुदतीत तेच घर त्याच भावाने विकत घेण्याचा पहिला हक्क मोहल्ल्याला किंवा शहराला मिळावा. आणि मुक्काम-कराचा ठरावीक वाटा परिषदांकडे जावा, आतल्या घरांच्या दुरुस्तीसाठी. परिषदा कोत्या होतील, नव्या माणसाला घेणार नाहीत, अशी भीती घालतात. गिओन मात्सुरीच्या रथांच्या मोहल्ल्यांकडे बघितलं तर ती फारशी खरी वाटत नाही. तिथे जुन्या घरांच्या जागी फ्लॅट आले, जुनी कुटुंबं पांगली, आणि आता फ्लॅटमधले नवे रहिवासी, बाहेरचे स्वयंसेवक रथ बांधतात, ओढतात. 1826 च्या वादळी पावसात मोडलेला ताकायामा रथ 196 वर्षांनी 2022 मध्ये पुन्हा मिरवणुकीत आला तो अशा हातांनी. घरमालकांचे भाव पडतील आणि हॉटेलवाले कोर्टात जातील, हे मात्र होईल. 2007 मध्ये उंचीची मर्यादा आली तेव्हाही हेच भाकीत होतं, आणि क्योटोत जमिनीचे भाव आज लोकांना परवडत नाहीत ते पडल्यामुळे नव्हे.